सोनीच्या दहा बोटांची किंमत पन्नास रुपये?

मा. केंद्रीय पशुसंवर्धन मंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी पुण्यात राहते. आमच्या सोनीच्या पंजांचे एक्स-रे परवा हातात आले, म्हणून हे पत्र. सोनी पर्शियन मांजर आहे. आधीच्या घरी सोफा फाटू नये म्हणून तिची पुढची नखं कायमची घालवली होती. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, त्यामुळे ते पेरच सांध्यातून छाटतात. दोन पंजांची दहा पेरं! त्यातल्या तीन बोटांत हाडाचे तुकडे तसेच राहिले आहेत.

शौचासाठी ठेवलेल्या ट्रेमधल्या वाळूत पाय टेकवला की कळ येते, म्हणून ती माझ्या अंथरुणावर लघवी करते. ओरबाडता येत नाही, म्हणून चावते. माझं मनगट सुजलंय, अँटिबायोटिक चालू आहे. रात्री-अपरात्री उठून मी चादरी धुते. घरमालक जागा सोडा म्हणतात, नातेवाईक म्हणतात मांजर सोडून दे. कुठे सोडू? नखं नसलेलं मांजर रस्त्यावर कुत्र्यांपुढे किती वेळ टिकेल?

हे एकट्या सोनीचं नशीब नाही. 2017 साली अमेरिकेत अशी नखं काढलेल्या 137 मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. 63 टक्के मांजरांच्या पंजांत हाडाचे अवशेष होते. पाठदुखी, चावणं, ट्रेबाहेर घाण करणं हे सगळं नखं असलेल्या मांजरांपेक्षा जास्त. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये यावर बंदी घातली, इस्रायलने त्याच्याही आधी.

आणि आपण? प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा 1960चा कायदा. प्राण्याचा अवयव तोडणं कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत सोनीची वेदनाशामक गोळीही येत नाही, साहेब! चौकीत गेले तर "मॅडम, नखंच ना?" असं ऐकून परत आले. मग कळलं की कलम 36 प्रमाणे तीन महिन्यांनंतर खटलाच भरता येत नाही. बंद दाराआड झालेल्या गोष्टीची तक्रार तीन महिन्यांत कोणी करायची? सोनीने?

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच या शिक्षा वाढवा असं संसदेला सुचवलं होतं. 2022 मध्ये तुमच्या खात्याने या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या. मीही पाठवली होती. कुठे गेल्या त्या सूचना? दूध, अंडी, मांसाचं उत्पादन वाढवणं हे ज्या खात्याचं काम, त्याच्याच हाती क्रूरतेचा कायदा दिलाय. तुम्हाला जनावर दिसतं ते लिटरमध्ये आणि किलोत. सोनी दोन्हींत बसत नाही. मत तर तिला नाहीच.

वैद्यकीय कारण नसताना पेरं छाटण्यावर नाव घेऊन बंदी घाला, तीन महिन्यांची अट काढा. विधेयक संसदेत कधी मांडणार, ती तारीख मला लेखी कळवा. "विचाराधीन आहे" हे उत्तर पाठवू नका.

आपली,
सोनीची पालक, पुणे