गल्ला भरतो, तरी दुकान का बसते?

महोदय,
वस्तीतला छोटा बार किंवा दुकान बंद पडले की ‘गिऱ्हाईक आटले’ म्हणून आपण मोकळे होतो. अनेकदा गिऱ्हाईक असते, हिशेब बुडालेला असतो.

१०० रुपयांच्या विक्रीतून मालाची किंमत वजा जाता ४० उरतात असे धरा. भाडे महिन्याला १०,००० ने वाढले, तर तेवढे भरून काढायला २५,००० ची जादा विक्री हवी. तेवढ्याच खुर्च्यांत ती आणायची कुठून? मग मालक १० टक्के सूट देतो. इथे फसगत होते: ४० चे ३० उरतात आणि पूर्वीइतकेच कमवायला एक तृतीयांश माल जास्त खपवावा लागतो.

बारमधली गळती तर दिसतही नाही. ७५० मिलिलीटरच्या बाटलीतून ३० मिलिलीटरची २५ मापे निघायला हवीत. हात सैल सुटून प्रत्येक मापात ३ मिलिलीटर जादा गेले, की जेमतेम २२ भरतात. नळाची बिअर गरम झाली किंवा नळ्या अस्वच्छ राहिल्या, तर फेस मोरीत जातो. पैसे मात्र पूर्ण पिंपाचे मोजलेले असतात. फ्रिज रिकाम्या दिवशीही वीज खातोच.

आणि उधारी! पुरवठादाराला ३० दिवसांत पैसे हवेत, गिऱ्हाईक ६० दिवसांनी देते. मधला महिना मालक कर्जावर काढतो, म्हणजे नफा कागदावर आणि व्याज खिशातून. रोज मापाने ओतणे, आठवड्याला साठा मोजणे, न खपणारा माल पुन्हा न मागवणे एवढे तरी मालकाच्या हातात आहे. भाडे मात्र त्याच्या हातात नाही, म्हणून भाडेकरार निदान पाच वर्षांचा आणि ठरलेल्या वाढीचा असावा.

– एक वाचक