पितळेच्या नादी लागू नकोस

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
17 ऑगस्ट

प्रिय संज्या,

स. न. वि. वि.

ग्रीन कार्ड आल्याचं कळलं, अभिनंदन! लोक कार्ड आल्यावर घरं बघायला लागतात, तू मला हेन्री कंपनीच्या ‘गोल्डन बॉय’ रायफलीचे फोटो पाठवलेस. वहिनींनी ते पाहिलेत की नाही, ते तुझं तू निस्तर. एक मात्र शहाणपण केलंस, इतकी वर्षं थांबलास. व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला इथला फेडरल कायदा मनाई करतो. शिकारीचं लायसन्स असलं की सूट मिळते, पण त्या भानगडीत न पडलेलंच बरं. आता दुकानात बंदूक खरेदीचा 4473 नंबरचा फॉर्म भर. तुझी माहिती सरकारदरबारी तपासली जाईल आणि काही अडलं नाही तर रायफल हातात.

तर तुला पॉइंट टू-टूची (.22, म्हणजे बारीक काडतुसाची) लिव्हर-ॲक्शन हवी, चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल, खारी-सशांसाठी आणि एरवी रिकामे डबे उडवायला. जात बरोबर निवडलीस. फक्त गोल्डन बॉय नको.

आधी लिव्हरच का, ते सांगतो, कारण तुझा तो ऑफिसातला मित्र तुला सेमी-ऑटोच गळ्यात मारणार. सेमी-ऑटो काडतुसाच्याच धक्क्यावर पुढचं काडतूस भरते, म्हणून तिला दमदार काडतूस लागतं. लिव्हर चालते तुझ्या मनगटावर. काडतूस जोरकस आहे की मवाळ, तिला काही सोयरसुतक नाही. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल या .22 काडतुसांच्या तीन लांब्या, तिन्ही एकाच नळीतून जातात. सीसीआय कंपनीचं ‘क्वाएट’ नावाचं काडतूस मिळतं, 40 ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदाला जेमतेम 710 फूट. सेमी-ऑटोत ते बहुधा अडकतं, लिव्हरमध्ये सुरळीत चालतं, आणि आवाज इतका बेताचा की शेजारी कोणी विचारायलाही येत नाही. शिवाय तू डावखुरा. बोल्ट-ॲक्शनचा दांडा उजवीकडे, तो मागे ओढताना तुझी कसरत होईल. लिव्हर मधोमध, तिला डावा-उजवा कळत नाही.

आणि काडतुसाला कमी लेखू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते .22 लाँग रायफलवरच. त्यामुळे नेम चुकला तर गोळीवर ढकलता येणार नाही.

आता गोल्डन बॉय. दिसायला देखणी, वाद नाही. पण ते झळाळतं अंग भरीव पितळेचं नाही, मिश्रधातूवर चढवलेला पितळी साज आहे. नळी अष्टकोनी, 20 इंची, वजन पावणेसात पौंड. त्याच हेन्री कंपनीची साधी काळी रायफल, मॉडेल एच-झिरो-झिरो-वन, सव्वापाच पौंडांची. हा दीड पौंड दुकानात जाणवत नाही, हिकरीच्या झाडाखाली पाठ टेकून तासभर बसल्यावर जाणवतो. दुसरं, आपली चाळिशी उलटली. आज ना उद्या तुला दुर्बीण लावावीशी वाटणार. काळ्या हेन्रीच्या माथ्यावर त्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, गोल्डन बॉयला वेगळा माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, शोधून नळीवर बसवावा लागतो. दुर्बीण लावलीस की घोड्याला (मागच्या हातोडीला) बाजूने एक छोटी खुंटी मात्र जोडून घे, नाहीतर अंगठा आत पोचत नाही.

जाता जाता सांगतो, नावावर भुलू नकोस. बेंजामिन टायलर हेन्रीची ती प्रसिद्ध रायफल 1860 ची. ही कंपनी 1996 साली ब्रुकलिनमध्ये निघाली, दोघांचा वारसा म्हणून काही संबंध नाही. तरी माल चांगला देतात. काळ्या हेन्रीचं अंगसुद्धा रंगवलेल्या मिश्रधातूचंच आहे, दागिना म्हणून पाहशील तर हिरमोड होईल. पण लिव्हर खोक्यातून काढल्या क्षणापासून लोण्यासारखी फिरते.

पैसे जास्त घालायचे असतील तर जुनी मार्लिन 39ए शोध. हिची मूळ रचना 1891 ची. नामांकित नेमबाज ॲनी ओकलीनं मार्लिनच्या .22 वापरल्या, त्या याच घराण्यातल्या. 24 इंची नळी, 19 काडतुसं, सगळं अंग पोलादाचं. उजव्या बाजूचा एक मोठा स्क्रू नाण्यानं सैल केला की रायफल दोन तुकड्यांत हातात येते, आणि नळी मागच्या बाजूनं साफ करता येते. हेन्रीत ही सोय नाही, तोंडाकडून साफ करावी लागते. मार्लिन घेताना नळीवर डावीकडे ‘जेएम’ हा शिक्का आहे का बघ. तो जुन्या कारखान्याचा. रेमिंग्टननं मार्लिन विकत घेतल्यानंतरच्या मालाबद्दल जाणकार नाक मुरडतात. ब्राउनिंगची बीएल-22 पण नाजूक, सुबक. जपानात मिरोकू बनवते. लिव्हर फक्त 33 अंश फिरते आणि चाप लिव्हरबरोबरच खाली येतो, म्हणून बोट चिमटत नाही. तुझ्या पंजाला ती खेळण्यातली वाटेल. विंचेस्टर 9422 बंद पडली 2005 ला, आता हौशी संग्राहकांनी तिचे भाव चढवून ठेवलेत. ते सोड.

म्हणजे माझं मत: काळी हेन्री घे आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घे. चार-पाच कंपन्यांची एकेक डबी आण, कारण प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. कागद 25 यार्डांवर लाव आणि टेकू देऊन प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या मार. ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतील, ते तुझं काडतूस. मग त्याच्यावर साइट जुळव. 25 ला जुळवलीस की 50 यार्डांवर नेहमीच्या काडतुसाची गोळी साधारण इंचभर खाली लागते, क्वाएटची त्याहून बरीच खाली. खारीचं डोकं असतं केवढं, तेव्हा 25-30 यार्डांपलीकडे हात आवर.

भरण्याची रीत नीट शिकून घे. नळीखालच्या नळकांड्यातून पितळी दांडी वर ओढायची, काडतुसाच्याच आकाराच्या खाचेतून एकेक सोडायचं, ती टिकटिक करत घरंगळतात, मग दांडी दाबून फिरवायची. या सगळ्यात हात नळीच्या तोंडाजवळ असतो, म्हणून तोंड नेहमी मोकळ्या बाजूला. रिकामी करताना दांडी पूर्ण बाहेर काढ, उरलेली काडतुसं ओतून घे, लिव्हर दोन-तीनदा फिरव, आणि तरीही आत बोट घालून तपास. एखादं आत अडकून बसतं आणि आपण म्हणतो रिकामी आहे. काळ्या हेन्रीला खटक्याची वेगळी सेफ्टी नाही, घोडा अंगठ्यानं सावकाश उतरवून पाव टप्प्यावर (क्वार्टर-कॉक) ठेवावा लागतो. हे आधी रिकाम्या रायफलीवर शिक, पण चाप ओढून घोडा आपटू देऊ नकोस. .22 हे रिमफायर, म्हणजे कडेवर ठोकून उडणारं काडतूस, त्यामुळे आत काडतूस नसलं की सुई थेट नळीच्या कडेवर आदळते.

शिकारीसाठी आधी राज्याचा कोर्स, मग लायसन्स. खारींचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात उघडतो, दिवसाला सहा खारी. डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच केशरी कापड अंगावर हवं. वस्तीच्या घरापासून 150 यार्डांच्या आत शिकार करायची तर त्या घरच्यांची परवानगी. डब्यांचं म्हणशील तर सरकारी गेम लँडच्या (शिकारीसाठी राखलेल्या जमिनीच्या) रेंजवर फक्त कागदी टार्गेट चालतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मातीचा उंच बांध असेल तिथेच डबे मांड. काडतुसाच्या खोक्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो, तो उगीच नाही.

वहिनी म्हणतीलच की रामानं जिच्या पाठीवरून हात फिरवला तिला मारतोस? त्यांना सांग, इथल्या करड्या खारीच्या पाठीवर पट्टे नाहीत, आणि वजन अर्धा किलो. तुझ्या भागात तर तांबूस फॉक्स खार असते, ती आणखी मोठी. मांस चिवट असतं, कुकरला भरपूर शिट्ट्या दे, मग कांदा-लसूण मसाला. मी ससा बरा म्हणतो, पण तो आधी दिसायला हवा.

कोर्सची तारीख ठरली की कळव. दुकानात मीही येईन, तुला एकट्याला पाठवलं तर तू गोल्डन बॉयच घेऊन येशील.

वहिनींना नमस्कार, पोरीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
नंदू