आत पोहोचणारे पैसे

येरवडा, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

वस्तीतल्या मुलांकडून पैसे गोळा करून ते कारागृहात असलेल्या ‘भाई’ला मनीऑर्डरने पाठवण्याचे काम तू अंगावर घेतले आहेस, असे तुझ्या आईकडून समजले. अडचणीतल्या माणसाला मदत करण्यात गैर काय, असे तू तिला विचारलेस. असे पैसे कोण मागतो आणि मुले ते का देतात, हे तुला नीट कळावे म्हणून दूरदेशीच्या एका माणसाची हकिकत लिहितो.

रेने एन्रिकेझ हा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरातला मुलगा. शाळकरी वयातच तो गल्लीतल्या टोळीत शिरला, गुन्हे करीत तुरुंगात पोहोचला आणि १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात ‘मेक्सिकन माफिया’चा सदस्य झाला. ही टोळी १९५७ साली कॅलिफोर्नियातल्याच ट्रेसी येथील तुरुंगात जन्मली. बाहेर एकमेकांचे वैरी असलेल्या मुलांनी आत आल्यावर स्वतःच्या रक्षणासाठी ती बांधली. तिचे पूर्ण सदस्य काही शेच असले, तरी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हजारो मुलांवर तिचा हुकूम चालतो.

कोठडीत बसलेला माणूस रस्त्यावर अमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्यांकडून हिस्सा वसूल करतो, हे ऐकून मी चकित झालो होतो. बाहेर मोकळा फिरणारा, हातात पिस्तूल असलेला मुलगा त्याला का भितो? कारण आज ना उद्या आपणही पकडले जाऊ आणि त्याच्याच माणसांच्या तावडीत सापडू, हे तो जाणून असतो. ज्या टोळीने हिस्सा थकवला, तिच्या कुणाही मुलावर आत येताच वार करण्याची सर्वांना मोकळीक दिली जाते. हिस्सा देणारा प्रत्येक मुलगा आपला तुरुंगवास आधीच गृहीत धरून बसलेला असतो, बाळा, आणि मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

त्या टोळीत वर चढायचे तर टोळी ज्याचे नाव घेईल त्याच्यावर हात उचलावा लागतो, मग तो कालपर्यंत शेजारी बसून जेवणारा का असेना. एन्रिकेझ असाच मोठा झाला. दोन खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली आणि पेलिकन बे तुरुंगातल्या खिडकी नसलेल्या कोठडीत, दिवसाचे बावीस तासांहून अधिक बंद राहून, त्याने आपल्या मोठेपणाची वर्षे काढली. पुढे तो टोळीतून फुटला. फुटणाऱ्याला टोळी मरणाची शिक्षा देते, म्हणून त्याला इतरांपासून वेगळे ठेवावे लागले. त्याने पोलिसांना मदत केली, त्याच्या सुटकेची शिफारसही झाली, पण २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी ती फेटाळली.

पुण्यातले सारे तसेच आहे, असे मी म्हणणार नाही. पण २०२१ साली तळोजा कारागृहातून सुटलेल्या आपल्याकडच्या एका टोळीप्रमुखाची द्रुतगती मार्गावरून मोटारींच्या ताफ्यात मिरवणूक निघाली, तेव्हा त्याच्याबरोबरच मागे जयघोष करणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात टोळीचा नुसता सदस्य असण्यालाही किमान पाच वर्षांची शिक्षा आहे आणि जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्यालाही तेवढीच आहे. जामीन तर फारच कठीण. पैसे देणारी मुले अनेक असतील, पण मनीऑर्डरच्या पावतीवर पाठवणारा म्हणून तुझे नाव असेल.

गोळा झालेले पैसे ज्याचे त्याला परत कर. हे काम ज्याने तुला सांगितले, त्याला नकार द्यायला तू एकटा जाऊ नकोस. रविवारी मी घरी आहे, आपण दोघे मिळून त्याच्या आईवडिलांकडे जाऊ आणि त्याच्याशीही तिथेच बोलू.

तुझे बाबा