टेप लावायच्या आधी पोरांना पळताना बघा

संपादक साहेब, नमस्कार.

शाळेतल्या पोरांतून खेळाडू निवडायच्या ट्रायल्सचे दिवस जवळ आलेत म्हणून लिहितोय. मी माण तालुक्यात एका शाळेवर पीटीचा शिक्षक आहे, 19 वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत एकच गोष्ट परत परत बघतोय की आपण 12-13 वर्षांच्या पोरांत खेळाडू शोधतच नाही, लवकर वाढलेलं पोरगं शोधतो.

शालेय स्पर्धांना 14 वर्षांखालचा गट 1 जानेवारी धरून ठरतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच लाईनीत, एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नाही. त्यात आमच्याकडे कित्येकांची जन्मतारीख 1 जून, नाव घालताना गुरुजींनीच लावलेली.

माझ्याकडे असाच एक पोरगा होता. दाखल्यावर 1 जून, आणि आई सांगायची हा दिवाळीनंतर झाला, आम्ही ऊसतोडीला होतो तेव्हा फडावरच. म्हणजे आधीच पाच महिने लहान. 800 मीटर अनवाणी पळायचा, शेवटच्या दोनशेला बाकीची पोरं तोंड उघडून धापा टाकायची आणि हा ओठ मिटून पुढं निघायचा. ट्रायलला नेला तर उंची मोजायला टेप लावली, उभ्यानं लांब उडी घेतली, मेडिसिन बॉल फेकायला लावला आणि उंची बसत नाही म्हणून बाहेर काढला, 800 पळायची पाळीच आली नाही. एसटीत बसल्यावर त्यानं छातीवरचा नंबर काढला, घडी करून खिशात ठेवला आणि चारही पिना मोजून मला परत दिल्या. दहावीत तो माझ्यापेक्षा उंच झाला, पण तोवर पळणं सुटलं होतं. आता टेम्पो चालवतो.

आमच्याच मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची, स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळली पंचविशीच्या आसपास, आणि 2016ला रिओ ऑलिंपिकात फायनल पळून दहावी आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेस तिथं गेल्यावर शिकला, आणि 2022ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण फक्त 5 शतांश सेकंदानं हुकलं. तेराव्या वर्षी टेपवर यातलं काय दिसणार होतं?

लवकर निवडू नका असं नाही म्हणत. कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेला वडिलांनी 2009 मध्ये सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घातलं आणि 2024ला पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आलं, महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक पैलवान खाशाबा जाधवांच्या 1952च्या पदकानंतर 72 वर्षांनी. पण 15 वर्षं धीर धरला ना त्याच्यासाठी, मग नाकारलेल्या पोरासाठी दोन तरी वर्षं धरा. दर सहा महिन्यांनी उंची लिहून ठेवा, आईबापाची उंची विचारा, वाढ व्हायचीय का होऊन गेलीय एवढं तरी कळेल. आणि पुढच्या वर्षी घरी पत्र पाठवून परत बोलवा, कारण एकदा नाही म्हटलं की मजुरी बुडवून परत कोण येणार.

यंदा सहावीत एक मुलगी आहे, उंची 1 मीटर 31. खो-खोत आठवीच्या पोरी तिला मिळून धरू शकत नाहीत, पोलाला हात लावून अशी वळते की मागची चार पावलं पुढं जाऊन पडते. पुढच्या महिन्यात तिला ट्रायलला नेतोय. टेप लावायच्या आधी तिला एकदा पळताना बघा, एवढं तुमच्या पेपरातून निवड करणाऱ्यांपर्यंत जाऊ द्या.

एक क्रीडाशिक्षक, माण (सातारा)