‘ओरिजिनल’ म्हणून विकलेल्या ऑइल सीलमुळे इंजिन गेलं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्टिल ०७० चेनसॉसाठी घेतलेलं सदोष ऑइल सील आणि त्यामुळे झालेलं नुकसान

महोदय,

स.न.वि.वि.

स्टिल ०७० साठी मी तुमच्याकडून क्रँकशाफ्टची (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याची) दोन ऑइल सील, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथली फट बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, एक पिस्टन रिंग आणि गॅस्केटचा संच मागवला होता. तुमच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूपुढे ‘ओरिजिनल’ असं लिहिलेलं आहे. गॅस्केट चांगली निघाली. रिंग आधी ६६ मिलिमीटरची आली, म्हणजे ०९० या मोठ्या मॉडेलची. ०७० ला ५८ ची लागते. ती बदलून मिळायला तीन आठवडे गेले, पण ते मी सोडून देतो. तक्रार आहे ती सीलबद्दल, आणि नंतर तुमच्याकडून जे उत्तर आलं त्याबद्दल.

हे मशीन काय आहे ते आधी सांगतो, कारण तुमच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं असं बोलण्यावरून वाटलं. १९५९ साली आलेल्या ‘कॉन्ट्रा’चं हे पुढचं रूप. १०६ सीसी, मध्ये गिअर नाही, क्रँकशाफ्टची ताकद थेट चेनला. मोठ्या बुंध्यातून फळ्या काढताना चेन लाकडात पूर्ण रुतलेली असते, तेव्हा हे इंजिन दम न सोडता ओढत राहतं. मी ते फक्त लोखंडी चौकटीत बसवून फळ्या काढायला वापरतो. त्याला चेन ब्रेक (झटका बसला की चेन थांबवणारी सोय) नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच हातात धरून झाडावर चालवत नाही. ठिणगीसाठीचे पॉइंट घासून गॅप लावणं, कार्बोरेटरचा डायफ्राम बदलणं, क्लचच्या स्प्रिंगा बघणं, हे सगळं मी स्वतः करतो आणि प्रत्येक कामाची वहीत नोंद ठेवतो.

जुनी सील झिरपायला लागली होती म्हणून ती वेळेवर बदलायला घेतली. नवीन बसवल्यावर एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं रबराने बंद करून आधी हवेचा दाब देऊन पाहिला, मग आतली हवा ओढून व्हॅक्यूम. काटा दोन्ही वेळा जागचा हलला नाही. त्यानंतरच कार्बोरेटर लावून मशीन सुरू केलं. तिसरी टाकी संपत आली तेव्हा रेस सोडली तरी इंजिन खाली येईना. आवाज बारीक होत चढतच गेला. मी लगेच स्विच बंद केला.

असा आवाज म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतेय. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइल एकत्रच क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बंद पेटीतून जातं. सीलमधून नुसती हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, उष्णता वाढते आणि पिस्टनला मिळणारं ऑइलही तेवढंच कमी होतं. मफलर काढून टॉर्च मारला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या लायनी पडलेल्या. सिलिंडर उतरवला. एका जागी आतला कठीण मुलामाच निघाला आहे, बोट फिरवलं की नख अडकतं. आता हा सिलिंडर घासून वापरता येणार नाही.

क्रँककेसचं तोंड वरून बंद करून पुन्हा तपासणी केली. हवेचा दाब जवळपास टिकला, कारण आतून दाब आला की सीलची कड शाफ्टवर दाबली जाते. व्हॅक्यूम मात्र अर्ध्या बारवरून चार-पाच सेकंदांत शून्यावर आला. फ्लायव्हीलच्या बाजूच्या सीलभोवती ऑइलचा थेंब लावला तर तो बघता बघता आत ओढला गेला. क्लचच्या बाजूला काही नाही. दोष कुठे आहे, याबद्दल यानंतर शंका उरत नाही.

ते सील काढून जुन्याशेजारी ठेवलं. जुन्याच्या कडेमागे केसासारखी बारीक गोल स्प्रिंग आहे, ती कड शाफ्टला धरून ठेवते. तुमच्या सीलमध्ये स्प्रिंगच नाही. थंड असताना ते कसंबसं धरून होतं, तीन टाक्यांची उष्णता लागल्यावर त्याची कड कडक झाली. जुन्या सीलची कड इतकी वर्षं वापरूनही बोटाने दबते. तुमच्या सीलवर उत्पादकाचा ठसा कुठेच नाही. पाकिटावरचं ‘ओरिजिनल’चं स्टिकर नखाने उचललं तर खाली दुसऱ्याच नावाचं लेबल निघालं.

हे सगळं फोटोंसह कळवल्यावर तुमचं उत्तर आलं: “मशीन फार जुनं आहे, त्यामुळे आम्ही जबाबदार नाही. नवीन मॉडेल घ्यावं.” हे वाचून मला फार वाईट वाटलं. इंजिन गेलं ते वयामुळे नाही, तीन टाक्या चाललेल्या तुमच्या भागामुळे. शिवाय त्यातला पिस्टन आणि सिलिंडर कारखान्यातून आले तेच होते. कंपनीने स्वतः बनवलेला, न वापरलेला जोड आज शोधायला महिनोन्महिने जातात, आणि मिळाला तरी तो खरा आहे का हे हातात घेऊन, मोजून, ठसा बघितल्याशिवाय कळत नाही. अशा मशीनचा मालक एक-एक भाग जपून वापरतो. तुम्ही ‘ओरिजिनल’ लिहिता तेव्हा तो त्या शब्दावर भरवसा ठेवून तो भाग बसवतो आणि उघडलेलं इंजिन पुन्हा जोडून टाकतो.

दुसऱ्या कंपनीने बनवलेले भाग विकू नका असं माझं म्हणणं नाही. त्यातले काही चांगले असतात, मी स्वतः वापरतो. पण ते तसं लिहून विका. मग मी सील हातात घेतानाच स्प्रिंग आहे का ते बघेन, व्यास मोजेन आणि पटलं नाही तर बसवणारच नाही.

माझी मागणी अशी आहे. दोन्ही सीलचे पैसे परत करावेत आणि ०७० चा मूळ उत्पादकाचा ५८ मिलिमीटरचा पिस्टन-सिलिंडर जोड द्यावा. तो तुमच्याकडे नसेल तर तसं सरळ लिहून कळवावं आणि मी बाहेरून घेईन त्याची रक्कम भरावी. दुसऱ्याच कुठल्या जोडावर ‘ओरिजिनल’चं स्टिकर लावून पाठवू नये, तो मी स्वीकारणार नाही. कॅटलॉगमधली या सीलची नोंद आजच दुरुस्त करावी, आणि ज्यांनी हेच सील घेतलं आहे त्यांना मशीन सुरू करण्याआधी कळवावं. हे शेवटचं सगळ्यात तातडीचं आहे. कोणाचं तरी इंजिन अजून वाचू शकतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहतो. काढलेलं सील मी जपून ठेवलं आहे. तपासायला तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर व्हॅक्यूम लावून दाखवतो. सील मात्र पोस्टाने पाठवणार नाही.

कळावे,

आपला,
०७० चा मालक

सोबत: पावतीची प्रत, दोन्ही सील शेजारी ठेवून काढलेले फोटो, पाकिटावरच्या दोन्ही लेबलांचे फोटो, पिस्टन आणि सिलिंडरचे फोटो, कामाच्या वहीतल्या दोन पानांची प्रत