अभ्यासिकेतील रात्रीचा चहा

मा. संपादक यांस,
स. न.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात आलेली असंख्य मुले-मुली रात्री दहा-अकरा वाजता टपरीवर चहा घेऊन पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसतात. ‘चहातील थियानिनमुळे मन शांत राहते आणि एकाग्रता वाढते’ असे संदेश त्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची मला काळजी वाटते.

थियानिन हे अमिनो आम्ल १९४९ मध्ये जपानमध्ये, सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो चहाच्या पानांतून प्रथम वेगळे केले गेले. ते कॅफिनसोबत घेतल्यास लक्ष टिकण्यास मदत होते असे काही छोट्या प्रयोगांत दिसले. परंतु त्यांपैकी बहुतेकांत थियानिनची मात्रा १०० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास होती आणि एका कप चहात त्याचा लहानसा अंशच उतरतो. टपरीवरच्या चहाने येणारी तरतरी मुख्यतः कॅफिनची असते.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. ॲडेनोसिनने जिथे बसायचे त्या जागा कॅफिन अडवते. थकवा जात नाही, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. शरीरातील कॅफिन निम्म्यावर यायला प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराच्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे चारलाही अंगात असते. त्याने झोप उथळ होते, आणि दिवसभर वाचलेले पक्के होते ते तर झोपेतच. सकाळी जड झालेले डोके पहिल्या घोटाने हलके होते, तेव्हाही नेहमी चहा पिणाऱ्याला रात्रभर न मिळालेल्या कॅफिनची काही अंशी भरपाईच होत असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम आणि १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असल्याचे नमूद आहे. जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा टाळावा, कारण त्यातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही, असेही त्यांत म्हटले आहे. मेसमध्ये जेवून लगेच चहा घेणाऱ्या मुलींसाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण रक्तक्षयाने येणाऱ्या मरगळीवर चहा हा उपाय नाही.

अभ्यासिका चालकांनी ही माहिती दर्शनी भागात लावावी आणि आपणही परीक्षांच्या हंगामात ती छापावी, ही विनंती.

– रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, पुणे