आई, या वेळी तूही बैठकीत बस

लिऑन,
16 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू सहज म्हणाली, "पंचवीसेक लोक येतील, सांबारवडी करते झालं." फोन ठेवला आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बाबा 31 डिसेंबरला रिटायर होणार, त्यानंतरच्या रविवारी ऑफिसातली माणसं घरी येणार, त्यांचं नीट व्हायलाच पाहिजे. पण पंचवीस माणसांची सांबारवडी म्हणजे सत्तर-ऐंशी वड्या, आई. एकेक लाटायची, आतून चिंच-मसाल्याचं बोट फिरवायचं, सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, सारण भरायचं, घडी घालायची आणि मंद आचेवर तळायची. तीही गरमच वाढायची, कारण गार सांबारवडी कोणाच्या ताटात पडलेली तुला चालत नाही. म्हणजे पाहुणे येतील तेव्हा तू कढईपाशी आणि जातील तेव्हाही कढईपाशी. गुडघ्याचं तर तू फोनवर काढतच नाही, वहिनीकडून कळतं मला.

दादाच्या लग्नाची बोलणी करायला वहिनीकडचे आले होते, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बैठकीत सगळे बसले होते, बाबा संत्र्यांचा विषय काढून गप्पा रंगवून राहिले होते. तासाभराने वहिनीच्या आईच उठून विचारत आत आल्या, "विहीणबाई कुठे आहेत?" तुझ्या एका हातात झारा, दुसऱ्या हातात पदर, कपाळावरचा घाम पुसून राहिली होती. तुमची दोघींची पहिली भेट गॅसपाशी उभ्यानेच झाली. सगळे गेल्यावर तळताना फुटलेल्या दोन वड्या तू ओट्याशी उभी राहूनच खाल्ल्या, कढी संपली होती म्हणून कोरड्याच. मी तेव्हा बारावीत होते. मला वाटलं, असंच असते. आता नाही वाटत.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून विषय बदलला असता. कागदावर असलं की तू चष्मा लावून दोनदा वाचते, हे मला माहीत आहे.

इकडे फ्रान्समध्ये संध्याकाळी लोकांना घरी बोलवायची एक पद्धत आहे, तिला आपेरो म्हणतात. जेवणाआधी सात वाजता माणसं येतात, काहीतरी पितात, हाताने उचलून खाण्यासारखं थोडं थोडं खातात आणि बोलतात. मुख्य काम बोलण्याचंच. घरची बाई पाहुण्यांच्या मध्ये बसलेली असते. पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेलो तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं, कारण मी सारखी मदतीला उठायला बघत होते आणि त्या मला हाताला धरून खाली बसवत होत्या. खायला होता कांद्याचा एक मोठा चपटा टार्ट, म्हणजे पदर सुटणाऱ्या कणकेच्या पोळीवर कांदा पसरून भाजलेला, चौकोनी तुकडे केलेला. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी भट्टीतून काढलेला. पहिला तुकडा तोंडात घातला आणि मला एकदम आपलं घर आठवलं.

कारण ती खारी होती, आई. आपली बेकरीतली खारी. बाबा सकाळी पेपर पसरून चहात बुडवतात, मग पेपरवर पडलेला चुरा बोटाने गोळा करून खातात, तीच. इकडच्या पफ पेस्ट्रीत आणि आपल्या खारीत फरक एवढाच की ही लोण्याची असते, आपल्याकडे बेकरीवाले बहुतेक वनस्पती तूप नाहीतर मार्गारीन वापरतात, कारण आपल्या उन्हात लोणी टिकत नाही. लोणी 32-35 अंशांना वितळायला लागते. मे महिन्यात नागपूरला 45 अंश असतात, तिथे लोण्याचे पदर सुटे राहतील कसे? पण जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे आपल्याकडे हे करायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. सकाळी ओट्याला हात लावला तर गार लागतो की नाही?

ते पदर कसे सुटतात, हे मी आजींकडे उभी राहून शिकले. तुला आवडेल म्हणून सांगते. मैद्याच्या गोळ्यात गार लोण्याची लादी ठेवायची, बंद करायची, लांब लाटायची आणि पत्राची करतो तशी तीन पदरी घडी घालायची. फ्रिजमध्ये ठेवायचं, मग पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. असं सहा वेळा. एका लोण्याचे तीन थर, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, असं करत सहाव्या घडीला 729 थर होतात. भट्टीत गेलं की लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते, ती प्रत्येक पदराला वर ढकलते आणि लोणी मध्ये असल्यामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. ना सोडा, ना यीस्ट. तू साट्याच्या करंज्या करते तेव्हा तूप आणि कॉर्नफ्लॉवरचा साटा लावून हेच तर करते. तुला हे शिकवायची गरजच नाही, तुझ्या हाताला येते हे.

माझा पहिला टार्ट बिघडला होता. दोन कलीग आणि आजी येणार होत्या. मी ताजे टोमॅटो कापून तसेच मांडले, खाली दही पसरलं. वरून दिसायला सुरेख, तुकडा उचलला तर खालचं आवरण ओलं, पिठलं लागल्यासारखं. सगळ्यांनी खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आजींनी बोलावून सांगितलं की या पदार्थाचं सगळं पाण्यावर आहे. कणकेच्या आतलं पाणी पाहिजे, वरून येणारं एक थेंबही नको. त्या तळाला चमचाभर कोरडा रवा भुरभुरवतात, म्हणजे वरचं पाणी तो पिऊन घेतो. मी आता खमंग भाजलेलं बेसन भुरभुरवते आणि ते रव्यापेक्षा चांगलं लागते, हे मी खात्रीने सांगते.

आता आणखी एक गोष्ट, ही खास बाबांसाठी. आम्ही राहतो त्या टेकडीचं नाव क्र्वा-रूस. इथे पूर्वी रेशमाचे विणकर राहायचे, त्यांना कानू म्हणायचे. आमच्या घराचं छत जवळजवळ चार मीटर उंच आहे, कारण जकार्डचे उंच माग घरातच बसवायचे असत. तो माग शोधून काढणारा जकार्डही याच गावचा. या विणकरांच्या नावाचा इथे एक पदार्थ आहे, सेर्व्हेल द कानू, म्हणजे विणकराचा मेंदू. त्यात मेंदू वगैरे काही नसते. चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, कांद्याच्या पातीसारखी एक पात, मीठ, मिरं, तेल आणि थोडा व्हिनेगर. मी खाल्लं आणि मनात आलं, आपली सावजीही विणकरांचीच. हलबा-कोष्टींच्या घरातून, मागावर बसणाऱ्या माणसांच्या चुलीवरून ती अख्ख्या नागपुरात गेली. तिकडे जाळ तिखट रस्सा, इकडे गार चक्का, पण दिवसभर मागावर बसून उठलेल्या माणसालाच दोन्ही खरे कळत असतील. बाबा, तुम्ही इथे आलात की तुम्हाला ती उंच छताची घरं दाखवीन.

तर या दोन्ही गोष्टी एकत्र करून मी दिवाळीच्या फराळाला इथल्या लोकांसाठी सांबारवडीचा टार्ट केला. आई, तो संपला. आजी घरी दोन तुकडे घेऊन गेल्या. म्हणूनच तुला धीराने सांगून राहिले आहे.

आदल्या दिवशी दुपारी अर्धा किलो दही फडक्यात टांगून ठेव. त्याचा चक्का होईल तो घट्ट पाहिजे, श्रीखंडाला लागतो त्याहून घट्ट. त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि एक मोठा चमचा बेसन फेट. बेसन का, ते तू मला सांगितलं होतं, कढी फुटू नये म्हणून. भट्टीतही तसंच, नाहीतर चक्का फाटतो. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात एकदम मंद आचेवर ठेव. दहा मिनिटांत मऊ पडतील, पण तिथे थांबू नको. चाळीस मिनिटं लागतात, पाणी उडून गडद गोड होईपर्यंत. हे काम वहिनीला दे, तिला धीर आहे. सांबार दोन मोठ्या जुड्या, आदल्या रात्रीच निवडून, धुऊन पंच्यावर सावलीत पसरायचा, वडीला वाळवते तसाच. मग खसखस, तीळ, सुकं खोबरं, आलं-लसूण, तुझा मसाला, चवीला साखर, आणि सांबार कढईत दोन मिनिटं परतून पूर्ण गार होऊ दे. लिंबू शेवटी. गरम सारण कच्च्या पेस्ट्रीवर पडलं की लोणी वितळलंच समज.

पेस्ट्री विकतची मिळाली तर उत्तम. मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये गोठवलेली मिळते, ती रात्रभर खाली फ्रिजमध्ये ठेवून सुटू द्यायची, ओट्यावर नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत कच्चं मळलेलं देतात का, हे दादाला विचारायला सांग. नाहीच जमलं तर घरी करायची सोपी रीत आहे, त्यात लादीबिदी करावी लागत नाही. 250 ग्रॅम मैद्यात 200 ग्रॅम गार लोण्याचे सुपारीएवढे तुकडे टाकायचे आणि चुरडायचे नाहीत. शंभर-सव्वाशे मिली बर्फाचं पाणी आणि चमचाभर लिंबू घालून जेमतेम गोळा करायचा. मग लाट, तीन पदरी घडी, फ्रिजमध्ये अर्धा तास, असं चार वेळा. खारं लोणी असेल तर वेगळं मीठ नको. यात दोन टार्ट होतात. पंचवीस लोकांना तीन पुरतील, एकेकाचे सोळा तुकडे.

दादाने आणलेला ओटीजी, ती विजेची छोटी भट्टी, अजून डब्यातच आहे म्हणे, तो आधी एकदा रिकामा चालवून बघा. लाटलेली पोळी ट्रेच्या मापाची कापून, कडेपासून दोन बोटं आत सुरीने चौकोन आख, पण आरपार नाही. आतल्या भागाला काट्याने टोचे मार, म्हणजे कड फुगेल आणि मधलं बसून राहील. भाजलेलं बेसन, मग चक्का, कांदा आणि वर सांबार. कडेला इकडे अंडं लावतात. आपल्या घरच्या आजीला चालत नाही, तर दूध लाव, चकाकी थोडी कमी येते, बाकी काही नाही. फक्त ते कापलेल्या बाजूवरून खाली ओघळू देऊ नको. पदरांची तोंडं चिकटली की ती बाजू वर येतच नाही आणि टार्ट एकीकडे कलतो. मग अख्खा ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

ओटीजी 200 अंशांवर पंधरा मिनिटं तापू दे. ट्रे खालच्या खाचेत ठेवायचा, तळाला आच लागली पाहिजे. पंचवीस ते तीस मिनिटं. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वाटलं तरी. कडा खारीच्या रंगाच्या झाल्या आणि उलथण्याने उचलून बघितल्यावर तळ तपकिरी दिसला की काढायचा. जाळीवर ठेव, ताटात नाही, ताटात वाफ धरते. गार झालाच तर पुन्हा 180 वर सहा-सात मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घातला तर चामड्यासारखा होतो.

पहिले दोन तू सहालाच करून ठेव, तिसरा पाहुणे बसले की वहिनी आत सरकवेल. वास बैठकीपर्यंत येईल, तोही एक पाहुणचारच आहे. सोबत कढी मात्र पाहिजेच, ती तू सकाळी करून ठेव आणि वाटीत दे. तुझ्या हातची कढी मी इथे किती वेळा करून बघितली, ती तशी होत नाही.

आणि सांबारवडी कोणी मागितलीच तर म्हण, पुढच्या वेळी. नाहीतर दहा-बारा वड्या आजीसाठी सकाळी तळून ठेव, त्याला माझी हरकत नाही. मी सांबारवडी सोडायला सांगून राहिले नाही, ती आपली ओळख आहे आणि तुझ्यासारखी ती धरमपेठेत कोणाला जमत नाही. ऑफिसातल्या बायका बाबांबद्दल काय काय बोलतील त्या दिवशी, तीस वर्षांचं. ते तू आत राहून ऐकणार का? बाबा सांगणार नाहीत तुला नंतर, त्यांना लाज वाटेल.

आधी एकदा घरच्यांपुरता करून बघ, येत्या रविवारीच. वहिनीला म्हणावं, तळाचा फोटो पाठव, वरचा नको. मी तळ बघून सांगीन आच पुरली की नाही. इकडे थंडी वाढली आहे, पण घर उबदार आहे, काळजी करू नका. बाबांनी रोजचं फिरणं सोडू नये. आजीला माझा नमस्कार, छोटूला गोड पापा.

तुमची,
सोनू

ता. क. – वहिनी, ही चिठ्ठी फक्त तुझ्यासाठी. त्या रविवारी पाहुणे यायच्या वेळी झारा आणि मोठी कढई माळ्यावर टाकून दे, आणि स्टूल मी आले की मीच काढीन म्हणावं.